उसनवारीचे लेखन आणि प्राध्यापकाचे कर्तव्य

(महाविद्यालयीन प्राध्यापक, शाळांतील शिक्षक आणि पालक यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



परीक्षेतील कॉपी हा विषय निघाला की डोळ्यांसमोर उभे राहते ते परीक्षागृह, बाहीत दडवलेली चिठ्ठी, खिडकीबाहेर घुटमळणारा मित्र आणि अचानक दारात येऊन ठाकलेले भरारी पथक. त्या प्रकाराविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. शेजारच्या महाराष्ट्र राज्याने तर विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध १९८२ साली स्वतंत्र कायदाच केला. आजचा विषय मात्र त्याहून पुष्कळ शांत जागी घडणाऱ्या गोष्टीचा आहे. विद्यार्थी घरी बसून निबंध लिहितो, प्रकल्पाचा अहवाल तयार करतो, पदव्युत्तर वर्गात असल्यास प्रबंधिका सादर करतो. तेथे पर्यवेक्षक नसतो, घंटा नसते, भरारी पथकही नसते. चार दिवसांनी प्राध्यापक तो गठ्ठा घेऊन रात्री तपासावयास बसतो आणि एखाद्या पानावर एकाएकी थबकतो. हे वाक्य या मुलाचे नव्हे, असे त्याला वाटते. किंवा हीच वाक्ये, हीच शुद्धलेखनाची चूक थोड्या वेळापूर्वी दुसऱ्या वहीत वाचल्याचे त्याला स्मरते.

त्या क्षणापासून पुढच्या आठ-पंधरा दिवसांत तो प्राध्यापक काय करतो, यावर एका तरुण मनुष्याचे बरेच काही अवलंबून असते.

बहुतेक ठिकाणी घडते ते असे की, प्राध्यापक पान उलटतो आणि सरासरी गुण देऊन मोकळा होतो. यामागे केवळ आळस असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. तक्रार नोंदवली तर बैठका होतील, खुलासे द्यावे लागतील, पालक येतील, कदाचित वरून दूरध्वनी येईल, आणि एवढे करून प्रकरण मिटविण्याचाच सल्ला मिळेल, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. शिवाय मुलाविषयी दयाही असते. परंतु या दयेचा खर्च कोण सोसतो, हे पाहिले पाहिजे. त्याच गठ्ठ्यात एखाद्या मुलीची वही असते. घरचे पाणी भरून, धाकट्या भावंडांचे आवरून, रात्री उशिरापर्यंत जागून तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतःचे म्हणणे मांडलेले असते. तिला वीसपैकी अकरा मिळतात आणि उतरवून आणलेल्या सफाईदार निबंधाला पंधरा. तिने कोणाकडे तक्रार करावी? आपल्यावर अन्याय झाला, हे तिला पुष्कळदा कळतही नाही. आपणच कमी पडलो, असे तिला वाटते.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट, आणि तोही काही चांगला नव्हे. प्राध्यापक संतापतो. भर वर्गात वही उंच धरून त्या मुलाला उभे करतो, चोर म्हणतो, गुण शून्य करतो आणि तोंडी परीक्षेत पुन्हा त्याचा सूड उगवतो. वर्ग हसतो. मुलगा त्या दिवसापासून मागच्या बाकावर जातो, किंवा महाविद्यालयात येणेच सोडतो. आरोप खरा होता की नव्हता, हे मात्र कोणी तपासलेलेच नसते.

या दोहोंच्या मधला जो मार्ग आहे, तो थोडा कष्टाचा आहे. त्याकडे वळण्यापूर्वी एक कबुली देणे प्राप्त आहे, आणि ती विद्यार्थ्याने द्यावयाची नसून शिक्षणव्यवस्थेने द्यावयाची आहे.

पहिल्या इयत्तेपासून बारावीपर्यंत मुलाला काय शिकविले जाते? पुस्तकातील उत्तर जसेच्या तसे लिहिले तर पूर्ण गुण, स्वतःच्या शब्दांत लिहिले तर एखादा गुण कमी. फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवून घ्यावयाचे, मार्गदर्शकातील निबंध पाठ करावयाचा, आणि परीक्षेत तो शब्दशः ओतावयाचा. विज्ञान शाखेकडे गेला की तेथे जर्नल असते. प्रयोग एका दिवशी होतो आणि त्याचे लेखन गेल्या वर्षीच्या जर्नलवरून होते. निरीक्षणांचे आकडेसुद्धा तेच. हे शिक्षकाला ठाऊक असते, शिक्षकाला ठाऊक आहे हे मुलाला ठाऊक असते, आणि तरीही वर्षाच्या अखेरीस त्यावर सही होते. बारा वर्षे ज्या कौशल्याबद्दल शाबासकी मिळाली, तेच कौशल्य महाविद्यालयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकाएकी वाङ्मयचौर्य ठरते. मधल्या काळात त्याला कोणी काही सांगितलेले नसते. शाळांतील शिक्षक येथे बसले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगावयाचे, की महाविद्यालयातील या प्रश्नाचे मूळ पुष्कळ अंशी शाळेच्या वहीत आहे.

गोव्याच्या खेड्यांतील मुलांची आणखी एक अडचण आहे. पेडणे, सत्तरी, सांगे या भागांतील पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून अथवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. विषय समजतो, परंतु इंग्रजी वाक्य तयार होत नाही. अशा वेळी पुस्तकातील तयार वाक्य हाच त्या मुलाचा आधार होतो. त्याची उसनवारी फसवण्याच्या हेतूने नव्हे, तर बुडू नये म्हणून असते. हेतू निराळा म्हणून कृत्य योग्य ठरत नाही, हे खरे. पण दोघांना एकच शिक्षा देणाऱ्या प्राध्यापकाने वही पाहिली, माणूस पाहिला नाही, असेच म्हणावे लागेल.

दुसऱ्याचे घेणे यात मुळात कमीपणा नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे. ज्ञानेश्वरांनी आपण व्यासांच्या आणि भाष्यकारांच्या मागाने आलो, याची नोंद ग्रंथातच करून ठेवली आहे, आणि त्यामुळे त्यांच्या ग्रंथाचे तेज उणे झाले नाही. कोणाचे घेतले ते सांगावयाचे, एवढीच अट आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. संशय आला की प्राध्यापकाने प्रथम स्वतःपुरते काम करावे. मूळ मजकूर सापडतो का ते शोधावे, सापडल्यास दोन्ही पाने शेजारी ठेवून सारख्या ओळींवर खुणा कराव्यात, आणि त्याच विद्यार्थ्याने वर्गात बसून पूर्वी लिहिलेले काही असल्यास तेही काढून ठेवावे. त्यानंतर विद्यार्थ्याला बोलवावे, परंतु वर्गात नव्हे आणि प्राध्यापकांच्या गजबजलेल्या खोलीतही नव्हे. शक्यतो आणखी एक अध्यापक उपस्थित असावा. विद्यार्थिनी असल्यास अध्यापिका असावी. आणि पहिला प्रश्न आरोपाचा नसावा.

समजा, प्राध्यापक म्हणाले, “बस. हा तुझा निबंध. यातला हा दुसरा परिच्छेद मला जरा समजावून सांग पाहू.”

मुलगा थोडा वेळ पानाकडे पाहतो. मग म्हणतो, “सर, तो मी पुस्तकातून घेतला.”

“कोणत्या पुस्तकातून?”

“पुस्तक नव्हे सर. गेल्या वर्षीच्या एका मुलाची फाईल होती.”

“घेतला” हा शब्द येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. पुष्कळ मुले तो अगदी सहजपणे उच्चारतात, कारण आपण काही वावगे केले असे त्यांना वाटतच नसते. ज्या मुलाने लपवाछपवी केली, शब्द इकडचे तिकडे करून माग पुसला, किंवा पैसे देऊन काम करवून घेतले, त्याचे उत्तर निराळे येते. तो आधी साफ नाकारतो, मग चिडतो, मग रडतो. एवढ्यावरून निकाल देता येत नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. कारण निरपराध मुलगासुद्धा चिडतो आणि रडतो. पण पाच मिनिटांच्या या संभाषणात प्राध्यापकाला जे कळते, ते दहा पानांच्या अहवालात मिळत नाही. आणि कधी कधी मुलगा तो परिच्छेद सुरेख समजावून सांगतो! मग संशय मागे घ्यावयाचा आणि तसे मोकळेपणाने त्याला सांगावयाचे. याने प्राध्यापकाची प्रतिष्ठा कमी होत नाही.

दोन वह्या सारख्या निघाल्या तर प्रश्न थोडा गुंतागुंतीचा होतो. कोणी कोणाची उतरवली? येथे घाईने दोघांचेही गुण शून्य करण्याची पद्धत आहे. वही देणारी बहुधा वर्गातील हुशार मुलगी असते, आणि तिने ती मैत्रीखातर, किंवा नाही म्हणता आले नाही म्हणून दिलेली असते. तिचीही चूक आहेच, परंतु ती निराळी चूक आहे. दोघांना स्वतंत्रपणे भेटावे, दोघांकडून कच्चे टिपण मागावे. ज्याने लिहिले त्याच्यापाशी खाडाखोडीचे कागद असतात.

विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकून घेणे हा केवळ सौजन्याचा भाग नाही. तो कायद्याचा भाग आहे, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच सांगून ठेवला आहे. उत्तर प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने १९५४ साली इंटरमीजिएट परीक्षेला बसलेल्या तीन विद्यार्थ्यांचे निकाल गैरप्रकाराच्या कारणास्तव रद्द केले आणि पुढील वर्षाच्या परीक्षेलाही त्यांना मज्जाव केला. निर्णय घेण्यापूर्वी त्यांना काही विचारलेच नव्हते. न्यायालयाने सांगितले की, असा निर्णय घेणारी समिती न्यायनिवाड्याच्या स्वरूपाचे काम करीत असते. तेव्हा विद्यार्थ्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. कायद्यात तसा शब्द लिहिलेला नसला तरीही ती संधी टळत नाही. विद्यार्थी परीक्षेला बसले १९५४ साली आणि हा निवाडा आला १९६२ साली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. दहा मिनिटे ऐकून घेतले असते तर एवढी वर्षे कोर्टात गेली नसती.

याचा अर्थ न्यायालये नेहमी विद्यार्थ्याच्याच बाजूने असतात, असा मात्र नव्हे. त्याच सुमारास त्याच मंडळाचे दुसरे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दोन परीक्षार्थींच्या उत्तरपत्रिका चुकांसह सारख्या होत्या. तेथे चौकशी झाली होती, विद्यार्थ्याला विचारणा झाली होती. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी मंडळाचा निर्णय कायम केला. अशा समित्यांनी समोरच्या पुराव्यावरून सरळपणे निष्कर्ष काढला असेल तर न्यायालयाने त्यात सहसा हात घालू नये, असा त्या निवाड्याचा रोख आहे. हेच गजेंद्रगडकर पुढे १९६६ ते १९७१ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. बरोबर उत्तरे दोघांची सारखी असू शकतात. विचित्र चूक दोघांची सारखी असणे हा मात्र पुरावा आहे, ही गोष्ट प्रत्येक अनुभवी परीक्षकाला ठाऊक असते. न्यायालयाने तिला मान्यता दिली.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली या विषयावर स्वतंत्र विनियम केले. त्यांचा बोलबाला पुष्कळ झाला, पण वाचन थोड्यांनीच केले आहे. प्रबंध आणि प्रबंधिका यांतील इतरत्र आढळणाऱ्या मजकुराचे प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीस टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करावयाचे. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास एक वर्ष सुधारित लेखन सादर करता येत नाही, आणि साठ टक्क्यांच्या वर असल्यास त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द होते. अवतरणचिन्हांत घेऊन श्रेय दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, प्रमाणित समीकरणे इत्यादी गोष्टी या मोजणीतून वगळावयाच्या आहेत. निर्णयासाठी विभागपातळीवर एक आणि संस्थापातळीवर एक अशी मंडळे नेमावयाची आहेत. विभागाच्या मंडळाचे अध्यक्ष विभागप्रमुख असतात, दुसरा सभासद विभागाबाहेरचा ज्येष्ठ अध्यापक असतो आणि तिसरा तपासणीच्या साधनांचा जाणकार. तक्रार आल्यापासून ४५ दिवसांत विभागाच्या मंडळाने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांना धरून अहवाल द्यावयाचा आहे.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट या विनियमांच्या व्याख्येत दडलेली आहे. गृहपाठ, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल, वर्गातील लेखन आणि उत्तरपत्रिका हे सारे या विनियमांतून वगळले आहे. म्हणजे टक्केवारीचे हे कोष्टक पदवीच्या दुसऱ्या वर्षातील मुलाच्या निबंधाला लावावयाचे नाही. तरीही काही ठिकाणी ते सर्रास लावले जाते. यंत्राने बेचाळीस टक्के दाखवले, म्हणून मुलगा दोषी. नऊ टक्के दाखवले, म्हणून निर्दोष! त्या नऊ टक्क्यांत निबंधाचा गाभाच चोरलेला असू शकतो, आणि त्या बेचाळीस टक्क्यांत अर्धी संदर्भसूची असू शकते. वर्गपातळीवरील निर्णय अखेर विद्यापीठाच्या सर्वसाधारण नियमांच्या चौकटीत प्राध्यापकाच्या विवेकावर सोपविलेला आहे, आणि म्हणूनच त्याविषयी येथे एवढे बोलावे लागते.

त्याच विनियमांत संस्थांवरही एक कर्तव्य घातले आहे, ज्याचा उल्लेख क्वचितच होतो. लेखनातील सचोटी म्हणजे काय, श्रेय कसे द्यावयाचे, हे विद्यार्थ्यांना शिकवावयाचे आहे. दर सत्रात त्यासाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यावयाचे आहेत, आणि पदवीच्या अभ्यासक्रमातही त्याचा समावेश करावयाचा आहे. ज्या महाविद्यालयाने हे केले नाही, त्याने मुलाला शिक्षा करताना थोडे थांबावे.

यंत्रांचा विषय निघाला आहे, तर त्याविषयी थोडे अधिक. २०१९ साली केंद्र सरकारने गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेमार्फत ‘शोधशुद्धि’ ही योजना सुरू केली, आणि विद्यापीठांना मजकुराची तुलना करणारे साधन उपलब्ध झाले. हे साधन इतर ठिकाणचा सारखा मजकूर दाखविते. तो सारखेपणा योग्य की अयोग्य हे ते सांगत नाही. ते माणसाने ठरवावयाचे. त्यानंतर २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आणि कोणाचीही नक्कल न करता नवाच मजकूर तयार करून देणारे यंत्र प्रत्येक मुलाच्या खिशातील फोनवर आले. जुने साधन येथे लंगडे पडते. मग यंत्राने लिहिलेले यंत्रानेच ओळखावे, अशी कल्पना निघाली. चॅटजीपीटी बनविणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच असे एक ओळखयंत्र २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध केले, आणि त्याची अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ते मागे घेतले. जेथे निर्मात्याची ही स्थिती, तेथे इतरांच्या यंत्रांवर डोळे मिटून विसंबणे कितपत शहाणपणाचे?

गोव्यातील आणि सीमाभागातील मराठी मुलांच्या दृष्टीने त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केलेली एक चाचणी फार बोलकी आहे. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी अशा सात ओळखयंत्रांना दिले. यंत्रांनी सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रलिखित ठरविले. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र त्यांनी जवळजवळ बिनचूक ओळखले. कारण उघड आहे. परकी भाषा लिहिणारा मनुष्य ठरावीक शब्द, साधी वाक्यरचना आणि सुरक्षित वळणे वापरतो, आणि यंत्राला तीच यंत्राची खूण वाटते. म्हणजे सत्तरीतील ज्या मुलाने शब्दकोश शेजारी ठेवून, जपून जपून इंग्रजी लिहिले, तोच या यंत्राच्या जाळ्यात प्रथम सापडावयाचा. केवळ अशा यंत्राच्या आकड्यावरून कोणालाही दोषी धरू नये, याहून स्पष्ट शब्दांत हे सांगता येत नाही.

आपल्याकडेच गोंधळ होतो असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील हार्वर्ड या विख्यात विद्यापीठात २०१२ साली एका अभ्यासक्रमाची अंतिम परीक्षा घरी नेऊन सोडवावयास दिली होती. पुस्तके, टिपणे, इंटरनेट यांची मुभा होती. दुसऱ्याशी चर्चा करण्याची नव्हती. पावणेतीनशेच्या वर विद्यार्थी होते, आणि त्यांपैकी सुमारे सव्वाशे जणांच्या उत्तरांत संशयास्पद साम्य आढळले. परीक्षा झाली मे महिन्यात; विद्यापीठाने ही गोष्ट जाहीर केली ऑगस्टमध्ये; प्रकरणांचा निकाल सांगितला गेला पुढील वर्षाच्या फेब्रुवारीत. निम्म्याहून थोड्या अधिक विद्यार्थ्यांना काही काळासाठी विद्यापीठ सोडावे लागले. उरलेल्यांपैकी निम्म्यांना ताकीदवजा शिक्षा झाली आणि बाकीचे सुटले. काय चालेल आणि काय नाही हे आम्हांस स्पष्ट कळले नव्हते, अशी अनेक विद्यार्थ्यांची तक्रार होती. ती सर्वस्वी खरी असो वा नसो, तेवढा काळ सव्वाशे तरुण अधांतरी लोंबकळत राहिले. गुन्ह्याची शिक्षा भोगता येते, परंतु अनिश्चितता भोगणे फार कठीण.

यातून आपल्या प्राध्यापकाने घ्यावयाचा बोध अगदी व्यवहारी आहे. काम देतानाच, तोंडी नव्हे तर लेखी, सांगावे की मित्राशी चर्चा चालेल की नाही, इंटरनेट चालेल की नाही, कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन भाषा सुधारण्यापुरते चालेल की मुळीच नाही. आणि संशय आला तर पंधरवड्याच्या आत विद्यार्थ्याला एक उत्तर मिळावे.

शिक्षेचे प्रमाण कसे ठेवावे? पहिल्या वर्षाच्या मुलाने प्रथमच, अजाणतेपणी उतरवले असेल तर ते काम त्याच्याकडून पुन्हा लिहवून घ्यावे, श्रेय कसे द्यावे हे शेजारी बसवून शिकवावे, आणि गुणांची कमाल मर्यादा थोडी उतरवावी; इतके पुरे. सांगून सवरूनही पुन्हा तेच केले तर त्या कामाला शून्य आणि विभागप्रमुखांकडे लेखी नोंद. पैसे देऊन लिहवून घेतलेला प्रकल्प, दुसऱ्याने दिलेली परीक्षा, बनावट आकडे किंवा बनावट सही, हे प्रकार प्राध्यापकाने स्वतःच्या अधिकारात मुळीच मिटवू नयेत. ते समितीपुढे गेलेच पाहिजेत. प्राध्यापक स्वतः समोरच्या कामाचे गुण ठरवू शकतो. परीक्षेला बसू न देणे, चारित्र्याच्या दाखल्यावर शेरा मारणे, शिष्यवृत्ती थांबविणे या गोष्टी त्याच्या हातच्या नव्हेत, आणि तशी धमकीही त्याने देऊ नये. एका कामातील अपराधाचा वचपा दुसऱ्या कामाच्या गुणांत काढणे हा तर दुसरा गैरप्रकार झाला, आणि तो करणारा या वेळी विद्यार्थी नसतो.

पालकांसाठीही येथे दोन शब्द. शहरातील काही झेरॉक्सच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात, ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. “प्रोजेक्टसाठी पैसे पाहिजेत” असे मुलाने म्हटले की बाप बिचारा खिशात हात घालतो. कागद, छपाई, बांधणी यांचा खर्च असेल असे त्याला वाटते. रक्कम मोठी असेल तर एकदा विचारावे, आणि प्रकल्प तयार झाल्यावर तो पाहावयास मागावा. वाचता आला नाही तरी मुलाला तो मराठीत सांगावयास लावावे. ज्या मुलाने काम केले आहे, तो घरी बसून तासभर बोलेल.

यावरूनच मुख्य उपायाकडे येता येते. ज्या प्रश्नाचे उत्तर दहा पुस्तकांत तयार आहे, तो प्रश्न घरी लिहावयास दिला तर उसनवारी होणारच. ‘भारतीय शेतीच्या समस्या’ या विषयावर निबंध मागितला की तो उतरवूनच येणार. त्याऐवजी खाजन जमिनीच्या काठी राहणाऱ्या मुलाला सांगावे की, आपल्या गावचा बांध कोण दुरुस्त करतो, मानशीची दारे कोण उघडतो-मिटतो, तिच्या लिलावाचे पैसे कोठे जातात, आणि वीस वर्षांपूर्वी भात पिकणाऱ्या किती जमिनीत आज खारे पाणी शिरले आहे, हे चार वृद्ध शेतकऱ्यांना विचारून लिहून आण. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणाऱ्या एखाद्या बाईची एका दिवसाची विक्री, गाडीभाडे आणि उरलेली शिल्लक यांचा हिशेब मांडून आण. गावच्या कोमुनिदादीविषयी वडीलधाऱ्यांच्या आठवणी टिपून आण. ही उत्तरे गेल्या वर्षीच्या फाईलमध्ये नसतात आणि कोणत्याही यंत्राच्या पोटात नसतात. पेडण्याहून कदंब बसने दीड तास प्रवास करून येणारा मुलगा अशा कामात पणजीच्या मुलाहून एक पाऊल पुढेच असतो, हा त्यातला आणखी एक लाभ. त्याला इंग्रजी अडत असेल तर टिपणे मराठीत किंवा कोकणीत घेऊ द्यावीत आणि मग इंग्रजीत मांडावयास मदत करावी. विज्ञानाच्या जर्नलचेही तसेच. निरीक्षणांचे आकडे प्रयोगशाळेतून बाहेर पडण्यापूर्वी त्याच दिवशी तपासून सही केली, तर पुढचे उतरवणे आपोआप निरर्थक होते.

लिहून आणलेल्या प्रत्येक कामाला पाच मिनिटांची तोंडी परीक्षा जोडावी, ही सूचनाही नवी नाही. शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात ते कसे जमावे, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. सर्वांची घेणे जमत नसेल तर चिठ्ठ्या टाकून दहाजणांची घ्यावी. कोणाचे नाव निघेल हे ठाऊक नसले की सगळेच वाचून येतात. लबाडांचीच परीक्षा घेतली जाते, हा कलंकही मग राहत नाही.

अखेरची गोष्ट दडपणाची. खेड्यापाड्यात सारे एकमेकांना ओळखतात. मुलाचे प्रकरण निघाले की दुसऱ्या दिवशी कोणी तरी वजनदार गृहस्थ प्राध्यापकाच्या घरी येतात, “सर, पोर आपलेच आहे, सांभाळून घ्या” म्हणतात. बाप स्वतः आला तर त्याच्याशी आदराने बोलावे. त्याने एक दिवसाचा रोजगार बुडविलेला असतो. काय घडले, पुढे काय होईल आणि मुलाला पुन्हा संधी केव्हा मिळेल, हे त्याला त्याच्या भाषेत सांगावे आणि शक्य तर मुलालाही समोर बसवावे. शिफारस घेऊन आलेल्या गृहस्थांना मात्र कागद दाखवण्याचीही गरज नाही. विद्यार्थ्याचे प्रकरण हे चावडीवरचे प्रकरण नव्हे. त्यासाठी प्राध्यापकापाशी पहिल्या दिवसापासूनची नोंद असली पाहिजे. काम केव्हा दिले, सूचना काय होत्या, साम्य कोठे आढळले, विद्यार्थी कोणत्या तारखेला भेटला आणि काय म्हणाला, काय ठरले, हे सारे दीड पानात मावते. त्याखाली विद्यार्थ्याची सही घ्यावी. त्याला काही निराळे म्हणावयाचे असेल तर ते त्याच्याच हस्ताक्षरात तेथे लिहू द्यावे. एक प्रत त्याच्या हाती द्यावी आणि दुसरी विभागप्रमुखांच्या कपाटात बंद ठेवावी. मुलगा उत्तीर्ण होऊन बाहेर पडला की ती नोंद नियमाप्रमाणे निकालात काढावी. लग्नाच्या वा नोकरीच्या चौकशीला आलेल्या कोणाच्याही ती हाती लागता कामा नये.